राखेतून सिलिकॉन-कार्बन ॲनोड (लिथियम बॅटरीचं ऋण टोक) : तीस सायकलमध्ये क्षमता का बसते?

तुमच्या प्रश्नात दिलेली माहिती अशी : नांदेडला एम.एस्सी.चा प्रकल्प, साखर कारखान्याच्या बॉयलरमधली बगॅसची राख, राखेतल्या सिलिकेचं सिलिकॉन करायला १ ग्रॅम राखेला १ ग्रॅम मॅग्नेशियम, आम्लाने धुतल्यावर साखरेच्या पाकाचा कार्बन, पीव्हीडीएफ बाइंडर (पावडर तांब्याच्या फॉइलवर धरून ठेवणारा चिकट पदार्थ) आणि लिथियमसमोर बांधलेला २०३२ मापाचा कॉइन सेल (बटणासारखा छोटा सेल). पहिला डिस्चार्ज (अशा सेलमध्ये सिलिकॉनात लिथियम भरणं) २४०० एमएएच (मिलिॲम्पिअर-तास, क्षमतेचं माप) प्रति ग्रॅम, पहिला चार्ज (लिथियम परत निघणं) १५००, तिसाव्या सायकलला ३१०; क्षमता इतकी का घसरते, हा तुमचा प्रश्न. आम्लात पावडर टाकताना "फटफट आवाज आणि ठिणग्या" दिसल्या, असंही तुम्ही लिहिलंय.

आधी त्या ठिणग्यांबद्दल, कारण तो जिवाचा प्रश्न आहे. १ ग्रॅम शुद्ध सिलिकेला हिशेबाने ०.८१ ग्रॅम मॅग्नेशियम लागतं. राखेत सगळी सिलिका नसतेच, म्हणजे तुमच्याकडे मॅग्नेशियम बरंच जास्त झालं. ते तयार झालेल्या सिलिकॉनशी जुळून मॅग्नेशियम सिलिसाइड बनतं. त्याला हायड्रोक्लोरिक आम्ल लागलं की सिलेन वायू सुटतो आणि हवा लागताच तो आपोआप पेटतो. तुम्हाला दिसल्या त्या ठिणग्या याच. यापुढे धुणं फक्त फ्यूम हूडमध्ये (वायू बाहेर ओढणाऱ्या कपाटात) करा. जवळ ॲसिटोन-टोल्युइनची बाटली नको. आम्ल आधी बीकरमध्ये घ्या आणि पावडर चिमटीचिमटीने टाका, एकदम ओतू नका. १ ग्रॅम सिलिकेच्या घाण्याला १ मोलर आम्ल १५० ते २०० मिली पुरतं. सहा तास ढवळत ठेवा.

आता राख. बॉयलरची राख काळपट-करडी असते, कारण तिच्यात न जळालेला कार्बन असतो. शिवाय उसाबरोबर आलेली शेतातली माती-वाळूही असते. कार्बन, सिलिका आणि मॅग्नेशियम एकत्र तापले की सिलिकॉनऐवजी सिलिकॉन कार्बाइड तयार होतं. ते आम्लात विरघळत नाही आणि लिथियमही धरत नाही, नुसतं वजन वाढवतं. तुमच्या एक्सआरडीत (स्फटिक ओळखणाऱ्या क्ष-किरण चाचणीत), तांब्याचा स्रोत धरून, ३५.६ अंशाला शिखर आहे का ते पाहा. असेल तर ते कार्बाइडचं. सिलिकॉनची शिखरं २८.४, ४७.३ आणि ५६.१ ला येतात, न धुतलेलं मॅग्नेशियम ऑक्साइड ४२.९ ला, आणि वाळूतलं क्वार्ट्झ २६.६ ला.

त्यामुळे राख सरळ वापरू नका. ती २ मोलर कॉस्टिक सोड्यात तासभर उकळा आणि गाळा. विरघळलेलं सोडियम सिलिकेट गाळणीतून पाण्याबरोबर खाली येईल. वाळूचा बहुतेक भाग आणि कार्बन गाळणीवर राहील. गाळलेल्या पाण्यात ढवळत ढवळत पातळ आम्ल टाकून पीएच ७ वर आणा, सिलिकेचा जेल बसेल. गरम पाण्याने सोडियम जाईपर्यंत धुवा, वाळवा आणि ६०० अंशांवर दोन तास भाजा. पांढरीशुभ्र पावडर मिळाली तरच पुढे जा. ताज्या बगॅसपासून सुरुवात करायची असेल तर लक्षात घ्या की त्यात राखच शेकडा दोन-चार निघते. किलोभर जाळून मूठभरही सिलिका मिळत नाही. भाताचं तूस जास्त देतं, पण ते भंडारा-गोंदियाकडून मागवावं लागेल. तूस वापरलंत तर जाळण्याआधी १ मोलर आम्लात दोन तास उकळा. पोटॅशियम राहिलं तर सिलिका वितळल्यासारखी चिकटते आणि कार्बन आत अडकतो.

मॅग्नेशियमची अभिक्रिया स्वतःच प्रचंड उष्णता सोडते. भट्टी ६५० दाखवत असली तरी बोटीतल्या (भट्टीत ठेवायच्या लांबट भांड्यातल्या) पावडरीचं तापमान त्याच्या खूप वर जातं. मग सिलिकॉनचे बारीक कण एकमेकांत वितळून जाड होतात, आणि जाड कण सायकलमध्ये फुटतात. यावर साधा उपाय म्हणजे मीठ. १ ग्रॅम सिलिकेला १० ग्रॅम सोडियम क्लोराइड घ्या. मीठ ८०१ अंशांना वितळताना जादा उष्णता गिळतं आणि शेवटी पाण्याने धुतलं जातं. मीठ प्रयोगशाळेचं घ्या, १२० अंशांवर रात्रभर वाळवलेलं. आधी सिलिका आणि मीठ एकत्र घोटा, मग ०.८५ ग्रॅम मॅग्नेशियम हलक्या हाताने मिसळा. आर्गॉनमध्ये मिनिटाला ५ अंश या वेगाने ६५०-७०० पर्यंत न्या आणि चार तास ठेवा. आर्गॉन महाग म्हणून नायट्रोजन वापरू नका, मॅग्नेशियम त्याच्याशीही जुळतं. मध्येच लाइट गेली तर नळी उघडायची नाही. आर्गॉन चालू ठेवून भट्टी पूर्ण थंड होऊ द्यायची. गरम पावडरीला हवा लागली तर सगळा घाणा पुन्हा ऑक्साइड होतो. उरलेल्या सिलिकेसाठी हायड्रोफ्लोरिक आम्लाच्या वाटेला जाऊ नका. कॅल्शियम ग्लुकोनेट जेल (या आम्लाच्या भाजण्यावरचा उपाय) आणि प्रशिक्षित माणूस समोर नसताना ते आम्ल वापरणं परवडणारं नाही, आणि कणावरचा पातळ ऑक्साइडचा थर बाइंडरला धरायला उपयोगीच पडतो.

१ ग्रॅम सिलिकेतून हिशेबाने ०.४७ ग्रॅम सिलिकॉन मिळतं, हाती त्याहून कमीच येतं. पण ते स्पंजासारखं सच्छिद्र असतं, कारण मॅग्नेशियम ऑक्साइड निघून गेल्याची जागा आत मोकळी राहते. ही मोकळी जागा म्हणजे तुमच्या मालाची खरी किंमत. सिलिकॉन लिथियम घेतं तेव्हा आकारमान जवळजवळ चौपट होतं. ग्रॅफाइट दहा टक्क्यांच्या आसपास फुगतं. आपल्याकडची काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तेच इथे प्रत्येक सायकलला घडतं. प्रत्येक भेगेत सिलिकॉनचा नवा उघडा पृष्ठभाग येतो, त्यावर इलेक्ट्रोलाइट (सेलमधला द्रव) पुन्हा थर बांधतो, आणि तो थर बांधताना लिथियम कायमचं खर्ची पडतं. स्फटिक सिलिकॉनचा कण साधारण १५० नॅनोमीटरहून लहान असेल तर तो न तडकता फुगतो. १०० नॅनोमीटरचा गोळा फुगून साधारण १६० होतो, म्हणजे भोवतीच्या कार्बनच्या कवचात तेवढी जागा लागते. यी कुई यांच्या स्टॅनफर्डच्या गटाने २०१२ मध्ये अंड्यातल्या बलकासारखी आणि २०१४ मध्ये डाळिंबासारखी रचना केली, ती याच हिशेबावर.

म्हणून कार्बन छिद्रं भरणारा नको, वरून झाकणारा हवा. साखरेचा पाक तापला की फसफसून फुगतो. कुठे जाड पापुद्रा, कुठे उघडं सिलिकॉन. शिवाय साखरेतून कार्बन उरतो वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास. डांबरी पिच त्यापेक्षा बरं : जास्त कार्बन देतं आणि वितळून सलग पसरतं. सिलिकॉन ०.३ ग्रॅम, ग्रॅफाइट १.४ ग्रॅम, टोल्युइनमध्ये ढवळलेलं पिच ०.३ ग्रॅम, ढवळत सुकवा आणि आर्गॉनमध्ये ९०० अंशांवर तीन तास तापवा. त्याच्या फार वर जाऊ नका, पुन्हा कार्बाइडची भीती. बॉल मिलमध्ये जोराने दळू नका, छिद्रं चुरडतात. पऱ्हाट्या किंवा तुराट्यांचा कोळसा वापरायची इच्छा अनेकांना असते. चांगली कल्पना आहे, पण तो सिलिकॉन तयार झाल्यावर मिसळा, मॅग्नेशियमच्या भट्टीत नाही.

या मिश्रणातून ६०० ते ७५० एमएएच प्रति ग्रॅमची अपेक्षा ठेवा. २४०० वरून इतकं खाली आलं म्हणून वाईट वाटून घेऊ नका. १८० एमएएच प्रति ग्रॅमच्या कॅथोडसमोर (बॅटरीच्या धन टोकासमोर) ग्रॅफाइटचा ३७२ चा ॲनोड ठेवला तर दोन्हींच्या एकत्रित वजनावर १२१ येतात. १००० चा ठेवला तर १५३. २००० चा ठेवला तर १६५. हजाराच्या पुढची धडपड थोडंच देते, त्रास मात्र कितीतरी वाढवते. मोबाइलमध्ये आलेल्या सिलिकॉन-कार्बन बॅटऱ्यांतही ॲनोड निव्वळ सिलिकॉनचा नसतो.

बाइंडर. पीव्हीडीएफ सिलिकॉनला नुसतं चिकटून असतं, एका फुगवट्यात सुटतं. सीएमसी (कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज, पाण्यात विरघळणारा बाइंडर) किंवा पॉलिॲक्रिलिक आम्ल घ्या; त्यांचे आम्लगट सिलिकॉनवरच्या हायड्रॉक्सिलला बांधले जातात. सक्रिय पावडर ८०, कार्बन ब्लॅक १०, सीएमसी १० असं प्रमाण ठेवा. सायट्रिक आम्लाने पीएच ३ च्या आसपास आणलात तर बंध आणखी पक्के होतात. पाणी डीआयच (क्षार काढलेलं) हवं. बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम सीएमसीच्या गुठळ्या करतं आणि कोटिंगवर माशाच्या डोळ्यासारखे ठिपके पडतात. एप्रिल-मेमध्ये उघड्यावर पंख्याखाली कोटिंग वाळवू नका. कोरड्या हवेत वरचा थर आधी आवळतो आणि तांब्यावरून पापुद्रा उचलला जातो. झाकून हळू वाळवा, मग व्हॅक्यूममध्ये १२० अंशांवर रात्रभर. पावसाळ्यात उलटी अडचण : ओलसर चकती ग्लोव्ह बॉक्समध्ये (सेल बांधायच्या आर्गॉन भरलेल्या बंद पेटीत) नेली तर इलेक्ट्रोलाइटमधल्या लिथियमच्या क्षारातून हायड्रोफ्लोरिक आम्ल सुटतं. इलेक्ट्रोलाइटमध्ये एफईसी (फ्लोरोइथिलीन कार्बोनेट) १० टक्के घाला. सिलिकॉनवर बसणारा तो थर एफईसीमुळे लवचिक होतो, पण एफईसी खर्ची पडत जातं, हेही ध्यानात ठेवा.

तुमच्या आकड्यांत वजनाची चूक असण्याची शक्यताही मोठी आहे. १४ मिमीची, १० मायक्रॉन तांब्याची चकती सुमारे १३.८ मिलिग्रॅम भरते. फॉइलच्या जाडीत दोन टक्के फरक पडला तरी ०.३ मिलिग्रॅम इकडेतिकडे होतात. वर कोटिंग दीड मिलिग्रॅमचं असेल तर क्षमतेत थेट २० टक्के चूक. त्याच पट्टीतून दहा कोऱ्या चकत्या कापून सरासरी काढा.

आणि क्षमतेच्या आलेखाआधी कूलॉम्बिक कार्यक्षमता (आत गेलेल्या लिथियमपैकी किती परत आलं, त्याची टक्केवारी) बघा. तुमची पहिली सायकल १५०० भागिले २४००, म्हणजे ६२.५ टक्के. पुढे प्रत्येक सायकलला ९९ टक्के मिळाली तर शंभर सायकलनंतर लिथियम ३७ टक्केच उरतं, ९९.८ मिळाली तर ८२. तुमच्यासारख्या अर्ध्या सेलमध्ये समोर लिथियमचा पत्रा असल्यामुळे ही गळती झाकली जाते. समोर कॅथोड ठेवून पूर्ण सेल बांधलात की लगेच उघडी पडते. पहिल्या तीन सायकल सी/२० ने (वीस तासांत भरेल इतक्या मंद प्रवाहाने) चालवा आणि खालची मर्यादा ०.०१ ऐवजी ०.०५ व्होल्ट ठेवा, म्हणजे सिलिकॉनमध्ये लिथियम पूर्ण भरताना बनणारी स्फटिक अवस्था टळते.

सगळं एकदम बदलू नका. आता हाती असलेलीच पावडर घेऊन फक्त सीएमसी आणि एफईसीचा सेल बांधा. घसरण बरीच थांबली तर दोष बाइंडरचा होता. तशीच राहिली तर एक्सआरडी काढून राखेपासून पुन्हा सुरुवात करा. ग्लोव्ह बॉक्स नसेल तर पुण्याच्या सी-मेट किंवा तामिळनाडूतल्या कराईकुडीच्या सेक्री या सरकारी संशोधन संस्थेत सेल बांधता येतील का, ते गाइडमार्फत विचारा. पुढच्या वेळी इथे आलेख टाकाल तेव्हा चकतीचं वजन, कोटिंगचं वजन आणि प्रत्येक सायकलची कार्यक्षमता सोबत द्या.