लिंक म्हणजे चावी नव्हे

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही तिघं मित्र पुण्यात कमर्शियल प्रॉपर्टीवाल्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतोय, म्हणजे बाणेर-हिंजवडीकडची ऑफिसं, शोरूम, गोडाऊन भाड्याने देणारे मालक आणि त्यांचे ब्रोकर. बाकी सगळं जमलं पण डॉक्युमेंट शेअरिंगवर गाडी अडलीये. एक मालक म्हणतो ब्रोकरला फक्त फ्लोअर प्लॅन दाखवा, दुसरा म्हणतो डाउनलोड बंदच करा, तिसऱ्याच्या वकिलाला सगळं एकदम झिपमध्ये हवं. आम्ही सेटिंग वाढवत गेलो, आता एका फाईलमागे सव्वीस टिकमार्क झालेत आणि लोक शेवटी कागद व्हॉट्सॲपवरच पाठवतात. किती कस्टमाइज करू द्यायचं आणि सिक्युअर कसं ठेवायचं?
एक वाचक, पुणे

उत्तर : टिकमार्क जरा बाजूला ठेवा आणि एका डीलमध्ये कागद कसे फिरतात ते बघा. जागा बघायला आलेल्या कंपनीला सुरुवातीला काय लागतं, फ्लोअर प्लॅन, फोटो, कार्पेट एरिया, कॅम चार्जेस (सामाईक जागेच्या देखभालीचा खर्च) किती, पार्किंग किती. एलओआय (जागा घ्यायची तयारी दाखवणारं पत्र) झाला की त्यांचा वकील मागतो इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा सारांश), प्रॉपर्टी कार्ड नाहीतर सातबारा, मंजूर नकाशा, ओसी (इमारत वापरायचा दाखला), फायर एनओसी, टायटल सर्च रिपोर्ट (मालकी हक्क तपासल्याचा अहवाल). आणि बिल्डिंगच विकायची असेल तर खरेदीदाराला रेंट रोल हवा, म्हणजे कोणता भाडेकरू किती रेटने बसलाय, लॉक-इन (जागा सोडता न येण्याची मुदत) कधी संपतो, एस्कलेशन (ठरलेली भाडेवाढ) किती. हा रेंट रोल सगळ्यात नाजूक कागद, कारण तिसऱ्या मजल्यावरच्याला पाचव्याचा रेट कळला की पुढच्या रिन्यूअलला मालकाच्या हातात काही उरत नाही.

म्हणजे परवानगी फाईलला चिकटवायचीच नाही, ती डीलच्या टप्प्याला आणि माणसाच्या भूमिकेला लावायची. ब्रोकर, इच्छुक कंपनी, तिचा वकील, मालकाचा सीए, कर्ज देणारी बँक, असे चार-पाच तयार साचे द्या, मालकाने साचा निवडला की काम झालं. त्यात बदलायला तीनच गोष्टी ठेवा, किती दिवस दिसेल, डाउनलोड चालेल का, वॉटरमार्क (पानावर उमटणारं बघणाऱ्याचं नाव) हवा का. कस्टमाइज म्हणजे सगळंच मोकळं सोडणं असं मला वाटत नाही. मी पूर्वी एका कंपनीत असंच प्रॉडक्ट बनवत होते, तिथे एका मालकाच्या ऑफिसातल्या मुलाने घाईत वरचा 'सिलेक्ट ऑल' दाबला आणि आख्ख्या बिल्डिंगचा रेंट रोल ब्रोकरकडे गेला. त्याची चूक नव्हती हो, आम्ही स्क्रीनच तशी केली होती. तेव्हापासून माझा हट्ट असतो की नवीन फाईल आली की ती कुणालाच दिसत नाही, कुणीतरी मुद्दाम उघडावी लागते. आणि काही गोष्टी मालकालासुद्धा बंद करता येऊ नयेत, ओटीपी, कोणी काय कधी उघडलं याची नोंद, आणि आधारचे शेवटचे चार आकडे सोडून बाकी झाकणं.

आता सुरक्षेचं. एन्क्रिप्शन (फाईल सांकेतिक रूपात कुलूपबंद ठेवणं) करा, करायलाच हवं, पण रिअल इस्टेटमधली जी मोठी गळती मला सारखी आठवते तिथे कुणी कुलूप फोडलंच नव्हतं. अमेरिकेत फर्स्ट अमेरिकन नावाची टायटल इन्शुरन्स (मालकी हक्काचा विमा) कंपनी आहे, प्रॉपर्टीच्या व्यवहारांचे कागद तिच्याकडे ढिगाने येतात. मे २०१९ मध्ये उघड झालं की त्यांच्या वेबसाइटवर एखाद्या डॉक्युमेंटच्या लिंकमधला आकडा बदलला की दुसऱ्याचं डॉक्युमेंट उघडायचं, लॉगिन न करता. बँक खात्यांचे नंबर, टॅक्सचे कागद, लायसन्सचे फोटो, २००३ पासूनची सुमारे ८८.५ कोटी रेकॉर्ड्स अशी उघडी होती. आणि मला जास्त लागलेली गोष्ट ही की त्यांच्याच सिक्युरिटी टीमला हा दोष काही महिने आधी सापडला होता, तो वेळेत दुरुस्तच झाला नाही. पुढे २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या वित्तीय नियामकाने त्यांना १० लाख डॉलर दंड लावला.

त्यामुळे आकड्याऐवजी लांबलचक रँडम आयडी टाकला की झालं असं समजू नका, लिंक पुढे फॉरवर्ड होतेच. लिंक म्हणजे फक्त पत्ता, आत सोडायचं की नाही हे सर्व्हरने दर वेळी नव्याने विचारायचं : हा माणूस कोण, ही फाईल कोणत्या डीलची, आज त्याला परवानगी आहे का. तिन्हीला हो आलं तरच पाच-एक मिनिटं चालणारी तात्पुरती लिंक तयार करायची. पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरत असाल तर त्यातली रो लेव्हल सिक्युरिटी (कुणाला कोणती नोंद दिसेल हे डेटाबेसच ठरवतो) चालू करा, म्हणजे एखाद्या डेव्हलपरकडून डेटा मागणाऱ्या क्वेरीत अट राहून गेली तरी दुसऱ्या मालकाची फाईल येणार नाही (डेटाबेसमधलं टेबल ज्या युजरच्या नावावर आहे त्याच युजरने ॲप जोडू नका मात्र, त्याला हे नियम आपोआप लागू होत नाहीत). अजून एक, तुमच्या धंद्यात 'टेनंट' म्हणजे भाडेकरू आणि डेव्हलपरच्या भाषेत 'टेनंट' म्हणजे सॉफ्टवेअर घेतलेला कस्टमर, कोडमध्ये दोन्हीला तेच नाव दिलंत तर कधीतरी परवानगी चुकीच्या टेनंटला जाईल. आजच नावं वेगळी करा.

प्रश्न : डाउनलोड बंद केलं तरी स्क्रीनशॉट काढतातच. मग उपयोग काय?
एक ब्रोकर, ठाणे

उत्तर : स्क्रीनशॉट थांबत नाही, दुसऱ्या मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढणाऱ्याला कोण अडवणार. म्हणून बघणाऱ्याचं नाव, मोबाइल नंबर आणि वेळ प्रत्येक पानावर तिरकी उमटवायची, आणि ती सर्व्हरवरच पानात मिसळायची, ब्राउझरमध्ये वरून चिकटवली तर जाणकार माणूस काढून टाकतो. आपलं नाव कागदावर आहे हे दिसलं की फॉरवर्ड करणारा हात आखडतो. तसंच पीडीएफमध्ये आकड्यांवर काळी पट्टी ओढून पाठवू नका, खालचा मजकूर बऱ्याचदा तसाच राहतो, सिलेक्ट करून कॉपी केला की वाचता येतो.

प्रश्न : आमचे मालक साठीच्या पुढचे, त्यांना ॲप वगैरे जमत नाही, व्हॉट्सॲपच बरं म्हणतात. काय सांगू?
एक वाचिका, नाशिक

उत्तर : काकांना बदलायला जाऊ नका, व्हॉट्सॲप राहू द्या. त्यावर फाईल न जाता लिंक जाऊ दे, दाबली की मोबाइलवर ओटीपी आणि कागद समोर, ॲप टाकायला नको की पासवर्ड लक्षात ठेवायला नको. त्यांना एवढंच सांगा की पाठवलेली फाईल समोरच्याच्या फोनमध्ये कायमची राहते, लिंक मात्र डील फिसकटलं की संध्याकाळी बंद करता येते. आणि भाडेकरूंचे आधार-पॅन त्यांच्याकडे असतात, २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात माहिती नीट सांभाळली नाही तर २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. मालकाला 'वकिलांनी काल रात्री साडेनऊला ओसी उघडली' असा एक मेसेज मराठीतून येऊ दे, फोन करून विचारायची गरज उरणार नाही. माझ्या अनुभवात असे दोन-तीन मेसेज आले की मालक स्वतःहून लिंक मागायला लागतात.