कोकणातल्या घरावर दोन काळांतली कादंबरी लिहितोय. घराण्याचं गुपित कशातून उघड करावं?

तुमचा आराखडा असा: रत्नागिरीकडचं जुनं घर, 1940 च्या दशकात ते सोडून गेलेली मुलगी आणि आज तिच्या भावाच्या नातीला माळ्यावरच्या पेटीत सापडलेली तिची डायरी.

डायरी काढून टाका, असं मी मनापासून सांगेन. ती सगळं एका दमात सांगून टाकते. मग नातीला शोधायला काही उरत नाही आणि जुन्या काळातली प्रकरणं नुसती उजळणी होतात.

आपल्याकडे अशी गुपितं बाहेर पडतात ती जमिनीच्या कागदांतून. घराभोवतीची बाग विकायची ठरते, हक्कसोडपत्रावर सह्या हव्या असतात, म्हणून कोणीतरी सातबारा काढतं. त्यावर फेरफाराचा, म्हणजे मालकीतल्या बदलाच्या नोंदीचा, नंबर असतो. तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून त्याची नक्कल मागवली की पणजोबा वारल्यानंतरची वारस नोंद हातात येते. समजा, ती 1958 ची आहे. मुलगे दोन, मुली तीन. आणि घरात तर आजोबांना दोनच बहिणी होत्या असं सांगत आलेत!

आता ती का गेली, यापेक्षा मोठा प्रश्न उभा राहतो. तिच्या नावाने घराने जिवंतपणी आंघोळ केली होती, मग तलाठ्याला तिचं नाव दिलं कोणी? वारसांची वर्दी घरातलंच माणूस देतं. तलाठी ओटीवर बसलेला, बोलतोय थोरला भाऊ, आणि पणजी माजघराच्या दाराआड. तिने एवढ्या वर्षांत लेकीचं नाव तोंडातून काढलेलं नाही. कादंबरीचा जीव मला या प्रसंगात दिसतो. तो लिहिण्याआधी घराचा नकाशा काढा: पडवी, ओटी, माजघर, बाळंतिणीची खोली, परसदार. कोणती बाई कुठवर येऊ शकते आणि ओटीवरचं बोलणं आत कुठपर्यंत ऐकू जातं, यावर त्या घरात कोणाला काय ठाऊक असेल हे ठरतं.

पेटी ठेवायचीच असेल तर तिच्यात मोडीतली हिशेबाची वही ठेवा. नातीला मोडी येणार नाही, मोडी वाचणारा शोधावा लागेल. म्हणजे घरातली गोष्ट पहिल्यांदा वाचणार एक परका माणूस, आणि नात त्याच्या चेहऱ्याकडे बघत बसणार.

दोन्ही काळांची जोडणी करताना नातीला जे नुकतंच कळलं तेच पुढच्या जुन्या प्रकरणात परत सांगू नका. तिथे वाचकाला तिच्या हाती कधीच न येणारं काहीतरी मिळू द्या.

तारखा मात्र सांभाळा. मुलगे असतानाही मुलींना वडिलांच्या मिळकतीत वारसा मिळू लागला तो 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने. पणजोबांना त्याआधी मारलंत तर फेरफारात लेकींची नावं येण्याचं कारणच उरणार नाही.