हळदीच्या सुपाऱ्या, मेंडोलिन आणि 36,000 चा लूपर

प्रश्न : मी चोपडा तालुक्यात राहतो, एका कृषी केंद्रात हिशोबाचं काम करतो. पगार 22,000. घरखर्च, मुलीची शाळा आणि वडिलांची औषधं मिळून महिन्याला 18,500 लागतात. पंधरा वर्षांपासून मेंडोलिन वाजवतो. तुळशीचं लग्न लागल्यापासून जेठापर्यंत हळद, डोहाळजेवण, वाढदिवस, भजनसंध्या अशा वीसेक सुपाऱ्या मिळतात. सोबतीचा गिटारवाला पुण्याला नोकरीला गेला. आम्ही दोघं असताना एका कार्यक्रमाचे 4,000 मिळायचे, त्याला 1,000 देऊन माझ्याकडे 3,000 राहायचे. आता एकट्याला 1,500 वर बोळवतात, म्हणतात रिकामं वाटतं. दुकानदाराने लूपर पेडल, म्हणजे वाजवलेला तुकडा फिरवत ठेवणारं पायाचं यंत्र, घ्यायला सांगितलं आहे. बॉसचा आरसी-500 36,000 ला, आरसी-5 21,000 ला, आरसी-1 12,500 ला आणि टीसी इलेक्ट्रॉनिकचा डिट्टो 9,500 ला. नो-कॉस्ट ईएमआयवर 9 हप्त्यांत आरसी-500 घ्यावा, की पतसंस्थेतली 40,000 ची ठेव मोडून रोखीने घ्यावा?

उत्तर : भाऊ, लूपर घ्या. आरसी-500 मात्र आत्ता नको. हप्त्यावरही नको आणि ठेव मोडून तर अजिबात नको.

आधी कमाईचं बघू. गिटारवाला गेल्यामुळे एका कार्यक्रमामागे तुमचे 1,500 बुडतात. वीस कार्यक्रम धरले की हंगामाला 30,000. दुकानदाराने हाच आकडा तुमच्यापुढे धरला असणार, एका हंगामात पैसे वसूल म्हणून. पण लूपर काय करतो ते नीट पाहिलं की हा आकडा टिकत नाही. तुम्ही पायाने बटण दाबता, दोन-चार आवर्तनं वाजवता, पुन्हा बटण दाबता. मग तेवढाच तुकडा, म्हणजे लूप, फिरत राहतो आणि तुम्ही त्यावर गाण्याची चाल वाजवता. हे यंत्र तुमचं ऐकत नाही. हळदीत पोरं नाचायला लागली की लय वाढते, वरमाई मुखडा पुन्हा मागते, कोणीतरी मधेच दुसरं गाणं सांगतं. तिथे ढोलकीवाला तुमच्या डोळ्याकडे बघून लय चढवतो. लूपर होता तिथेच राहतो. आरसी-5 आणि आरसी-500 मध्ये टेम्पो बदलता येतो, पण तो नाचणाऱ्यांमागे आपोआप धावत नाही. आरसी-1 आणि डिट्टोमध्ये तर ती सोयच नाही.

म्हणून हळदीचे कार्यक्रम मी हिशोबातून काढून टाकतो. तिथे आणखी एखादा हंगाम माणूसच सोबत घ्या, ढोलकीवाला मिळाला तर फारच चांगलं. त्याला द्यावे लागणारे 1,000 हा तोटा नाही, हळदीची सुपारी हातात ठेवण्याचा तो खर्च आहे. भजनसंध्या, डोहाळजेवण, हॉटेलातली संध्याकाळ, जिथे लोक बसून ऐकतात, तिथे लूपर शोभतो. हे तुमच्या वीसमधले निम्मे धरू. 10 गुणिले 1,500 म्हणजे 15,000. एका हंगामात अंगावरचा खर्च फिटेल अशी खरेदीची मर्यादा इथे ठरली. यात पेडलसोबत लागणारं सगळं बसलं पाहिजे.

आता कोणता? डिट्टो सगळ्यात स्वस्त आहे, आवाजाला चांगला आहे, 5 मिनिटांचा लूप धरतो. अडचण थांबवण्यात आहे. त्याला एकच बटण. चालू लूप बंद करायचा तर दोनदा झटपट दाबावं लागतं, आणि पहिल्या दाबालाच तो पुन्हा रेकॉर्डिंगवर जातो. गाणं समेवर संपतं, हात थांबलेला असतो, आणि पाय दुसऱ्यांदा पडेपर्यंत मागचा ठेका अर्धी मात्रा पुढे घसरलेला असतो. घरी चालून जाईल. भजनाच्या शेवटी, सगळं गाव शांत बसलेलं असताना, ती अर्धी मात्रा सगळ्यांना ऐकू येते. आरसी-1 लाही बटण एकच, पण मागे वेगळा फूटस्विच जोडायची जागा आहे. तो जोडला की थांबवण्याचं बटण स्वतंत्र मिळतं. 12 मिनिटांचं रेकॉर्डिंग तुमच्या कामाला भरपूर झालं. वर गोल दिवा फिरतो, लूप कुठवर आला ते दिसतं. माझं मत आरसी-1 ला.

आरसी-5 मध्ये 57 तालप्रकार आहेत, 99 लूप साठवता येतात. दुकानदार यावरच भर देईल. पण ते सगळे ड्रमचे ताल. केरव्याच्या 8 मात्रा त्यांवर बसवता येतील, ढोलकीचा लगाव मात्र त्यात येणार नाही. आणि भजनाला ड्रम कशाला? त्या 8,500 च्या फरकातून तुमच्या सुपारीचा दर वाढेल असं मला दिसत नाही. आरसी-500 मध्ये दोन ट्रॅक आहेत आणि माइक लावायची सोय आहे. तुम्ही गात असता आणि आवाजाचे थरही रचणार असता, तर मी त्याचा वेगळा विचार केला असता. पत्रात गाण्याचा उल्लेख नाही.

मेंडोलिनबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण पैसे वाया जाण्याची खरी जागा ही आहे. गिटारला खालचा खर्ज असतो. मेंडोलिनची सर्वांत खालची जोडी जी ची, साधारण 196 हर्ट्झ. त्याखाली काहीच नाही. म्हणजे तुम्ही एकावर एक थर चढवत गेलात तर ते सगळे एकाच उंचीवर येतात आणि तिसऱ्या थराला नुसता किणकिणाट होतो. ठेका खालच्या जी आणि डी या दोन जोड्यांवर, डाव्या हाताने तारा दाबून-सोडून, तुटक वाजवायचा. चाल वरच्या ए आणि ई वर. दोन थर, तिसरा नको. हे जमलं तर 12,500 चा पेडल पुरतो, आणि नाही जमलं तर 36,000 चाही पुरणार नाही. मेंडोलिनचा आवाज पेडलपर्यंत पोचवणारा पिकअपही तपासून घ्या. चिकटवलेला साधा पिएझो खरखरत असेल तर लूपर ती खरखर दर आवर्तनाला ऐकवेल. आधी तो दुरुस्त करा, मग पेडलकडे वळा.

एकूण खर्च असा : आरसी-1 12,500, मोमेंटरी प्रकारचा (दाबल्यापुरताच चालू राहणारा) साधा फूटस्विच अंदाजे 1,200, अडॅप्टर अंदाजे 1,000. मिळून 14,700. अडॅप्टर 9 व्होल्टचा आणि मधली पिन ऋण असलेलाच घ्या. घरातला कुठलाही लावू नका, पेडल जळू शकतो. मांडवातली वीज गेली तर आरसी-1 मध्ये 9 व्होल्टची बॅटरीही बसते.

आता हप्त्याकडे येऊ. 36,000 चे 9 हप्ते म्हणजे महिन्याला 4,000. तुमच्याकडे उरतात 3,500. चातुर्मासात लग्नं नाहीत, म्हणून पहिले तीन-चार हप्ते सुपारीतून निघणार नाहीत. दर महिन्याचे 500 किराण्यातून किंवा औषधांतून जातील, नाहीतर क्रेडिट कार्डावर थकतील. थकलेल्या कार्डावर महिन्याला 3 ते 3.75 टक्के व्याज लागतं, वर्षाचं ते 36 ते 45 टक्क्यांवर जातं. आणि नो-कॉस्ट म्हणजे बिनव्याजी नव्हे. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं. व्याज असतंच, तेवढी सूट किमतीत दाखवून ते झाकलेलं असतं. 15 टक्के दर धरला तर 36,000 वर 9 महिन्यांत सव्वादोन हजारांच्या आसपास व्याज होतं, त्यावर 18 टक्के जीएसटी म्हणजे 400 रुपये, आणि प्रोसेसिंग फी निराळी. जीएसटी आणि फी तर तुमच्याच खिशातून जातात. दुकानदाराला एकदा रोख भाव विचारून बघा. बहुतेक वेळा तो छापील भावापेक्षा खाली येतो, आणि ईएमआय घेणाऱ्याला ती सवलत मिळत नाही.

ठेवीचं म्हणाल तर 40,000 म्हणजे तुमच्या घरचा दोन महिन्यांचा खर्च. एकाच पगारावर घर, वडील औषधांवर. खरं तर अशा घराला सहा महिन्यांची गंगाजळी हवी. दोनची आहे, ती शून्यावर आणून वाद्याचं सामान घ्या असं मी कोणालाच सांगणार नाही, मग ती वस्तू कितीही आवडती असो.

पैसे असे उभे करा. आषाढ चालू आहे. या महिन्यापासून तीन महिने 3,500 बाजूला टाका, 10,500 होतील. गणपती आणि नवरात्रात एकट्याचे तीन कार्यक्रम घ्या, 1,500 प्रमाणे 4,500. दसऱ्याला 15,000 हातात. तुळशीच्या लग्नापर्यंत महिनाभर सराव होतो, आणि तो लागतोच. आठ मात्रांचा लूप बरोबर समेवर बंद करायला पाय शिकवावा लागतो. बटण केसभर उशिरा पडलं तरी प्रत्येक आवर्तनात ठेका लंगडतो, आणि लोकांना कारण कळत नसलं तरी कान खटकतो. तोपर्यंत फोनवर तबल्याचं ॲप लावून केरव्यात दोन मिनिटं ठेका रेकॉर्ड करा आणि ॲप बंद करून त्यावर चाल वाजवा. तुमचाच ठेका पुढे-मागे होतोय का ते फुकटात कळेल. श्रावणात कानबाईच्या उत्सवाच्या रात्री घरच्या मंडळींसमोर वाजवून बघा, तिथे चुकलं तरी सुपारी जात नाही.

जुना आरसी-1 मिळाला तर घ्यायला हरकत नाही, फक्त बटण शंभरदा दाबून बघा, झिजतं ते तेच. नवा घेतलात तर पक्कं बिल घ्या. वॉरंटीला लागेल आणि उद्या विकताना भावही बरा येईल.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट. ठेव पतसंस्थेत आहे. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्याही, 5 लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. अडकलेल्या ठेवींनी आपल्या जिल्ह्यात किती घरं पोळली ते तुम्ही जवळून पाहिलं असेल. आत्ता मोडू नका, मुदतीआधी मोडली तर व्याज कापतील. मुदत संपली की नूतनीकरणाच्या कागदावर सही न करता रक्कम बँकेत हलवा, आणि लग्नाच्या हंगामात सुपाऱ्यांचे जे पैसे येतील, त्यातला पहिला वाटा तिथेच टाकत चला.