यांगत्सेचा 1842 चा नकाशा: काठ कोरे का?

तुम्ही विचारलंय की ब्रिटन आणि चीनमधल्या पहिल्या अफू युद्धातल्या, चीनच्या यांगत्से नदीच्या हाताने काढलेल्या नकाशात मधोमध आकड्यांची माळ आहे आणि आजूबाजूचा मुलूख कोरा. मग तो अर्धवट राहिलाय का? माझ्या मते तो पूर्ण आहे. जहाज न रुतता वर कुठून न्यायचं, एवढंच त्याला सांगायचं होतं.

ती माळ म्हणजे मोजणीच्या बोटीची वाट. खलाशी शिशाचं वजन बांधलेला दोर सोडायचा आणि खोली ओरडून सांगायचा, वावांत. एक वाव म्हणजे 6 फूट. शिशाच्या बुडाला खोलगट खाच असे, तिच्यात चरबी भरलेली. तळाची वाळू, चिखल, शिंपल्यांचा चुरा तिला चिकटून वर येई. आकड्यांशेजारची बारीक अक्षरं ही त्याचीच नोंद. त्याच वेळी सेक्स्टंट (कोन मोजायचं उपकरण) आडवा धरून काठावरच्या तीन ठळक खुणांमधले दोन कोन घेत, आणि त्यावरून बोटीची जागा कागदावर बसवत. म्हणून कोऱ्या काठावर एखादा पॅगोडा किंवा टेकडी मात्र इतकी नीट काढलेली दिसते.

नदीच्या खालच्या भागाची मोजणी 1840 मध्ये 'कॉनवे' या ब्रिटिश जहाजाच्या कप्तान बेथ्यूनने केली होती. 1842 च्या जुलैत सत्तरहून अधिक ब्रिटिश जहाजं वर निघाली, तेव्हा केलेट आणि कॉलिन्सन हे नौदल अधिकारी पुढे जाऊन पाणी मोजत होते. ताफ्यातलं 'कॉर्नवॉलिस' आपल्या मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेलं, 1813 चं. एवढी मोठी युद्धनौका अनोळखी नदीत शिरली ती या आकड्यांच्या भरवशावर. तरी बरीच जहाजं वाळूत बसलीच. वाफेच्या बोटींनी ती ओढून काढली.

21 जुलैला काठावरचं झेनजियांग शहर ब्रिटिशांच्या हाती पडलं. तिथे मोठा कालवा नदीला छेदतो आणि दक्षिणेचं धान्य त्याच वाटेने बीजिंगला जाई. ती वाट तुटली. शहरातल्या कित्येक मांचू (चीनच्या तेव्हाच्या राजघराण्याच्या समाजातल्या) कुटुंबांनी शत्रूच्या हाती लागण्यापेक्षा मरण पत्करलं. 29 ऑगस्टला नानजिंगसमोर 'कॉर्नवॉलिस'वरच युद्ध संपवणाऱ्या तहावर सह्या झाल्या. म्हणून मला हे कागद तोफांइतकेच युद्धसाहित्य वाटतात, आणि नुसते 'सुंदर जुने नकाशे' म्हणून त्यांचं कौतुक झालं की खटकतं.

एक सांभाळा: त्यातली खोली आजच्या नकाशाशी थेट ताडू नका. यांगत्सेला उन्हाळ्या-पावसाळ्यात पूर येतो, हिवाळ्यात पाणी बरंच उतरतं, आणि वाळूचे दांडे सरकत राहतात. आधी मोजणीचा महिना बघा, मग खोली कोणत्या पातळीपासून धरलीय ते. कोपऱ्यात तशी टीप असेल तर तिचा जवळून फोटो टाका, आकडे लावून बघू.