पोदेराचा भोंपू

“आपल्याच तोंडानं आपलं कौतुक कसं करायचं?” मी समुपदेशन करतो; नाटकवाले, फोटोग्राफर, डिझायनर, सगळे माझ्याकडे हेच विचारत येतात. त्यातल्या एकीची हकिकत, ओळख पटेल असे तपशील बदलून.

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातली ही चित्रकार कावीचं काम करते. चुन्याच्या गिलाव्यावर लाल कावेचा थर द्यायचा आणि तो ओला आहे तोवरच टोकदार अवजारानं कोरून खालचा पांढरा उघडा करायचा. वाळला की संपलं. हात इतका ठाम, पण कामाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला टाकला की दहाव्या मिनिटाला काढून टाकायची.

“काढल्यावर कसं वाटतं?”

“सुटल्यासारखं.”

गोम या सुटकेतच आहे. पळालं की लगेच बरं वाटतं, म्हणून पळायची सवय घट्ट होते. ‘आत्मविश्वास आला की टाकीन’ म्हणणाऱ्यांचा आत्मविश्वास येत नाही तो यामुळेच.

तिला 2000 सालचा एक अमेरिकन प्रयोग सांगितला. लाज वाटेल असा टीशर्ट घालून इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत गेलेल्यांना वाटलं, निम्म्या लोकांनी तो पाहिला असणार. पाहिला होता जेमतेम चौथाईनं. ती हसली, पटलं मात्र नाही. आकडे ऐकून माणूस बदलत नाही.

पुढच्या भेटीत पोदेराचा, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याचा, विषय काढला: “सकाळी पोदेर भोंपू वाजवत येतो. फुशारकी मारतो का तो?”

“छे! पाव आलाय, एवढंच कळतं.” मग जरा थांबून, “एखाद दिवस वाजवला नाही तर आई त्यालाच ओरडते.”

इथे मी गप्प बसलो. पुढचं वाक्य तिचंच यायला हवं होतं. मिनिटभरानं आलं: “म्हणजे मी सांगत नाही, ती लोकांची गैरसोय?”

‘सगळ्यांनी मला चांगलंच म्हटलं पाहिजे’ या हट्टाला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस आयुष्यभर धारेवर धरत राहिले. मीही त्याच वाटेवरचा. पण हट्ट नुसत्या चर्चेनं सुटत नाही, कृती लागते. म्हणून तिथेच मजकूर लिहायला घेतला. तिचा खर्डा ‘त्रास देतेय, माफ करा’नं सुरू होत होता आणि किंमत गायब होती. माफी खोडली, विशेषणं खोडली. उरलं ते असं: ‘कावी पॅनेल, 12 बाय 18 इंच. 10 दिवसांत तयार. 4,500 रुपये. मागणीसाठी याच नंबरवर मेसेज.’ ‘किंमत इनबॉक्समध्ये’ हीसुद्धा पळवाटच; ती मी चालू देत नाही.

मग पायऱ्या. पहिला आठवडा जुनी पाच गिऱ्हाइकं. दुसरा आठवडा स्टेटस, पूर्ण 24 तास, मध्ये काढायचं नाही. तिसऱ्यात दोन आर्किटेक्टना फोन. प्रत्येक वेळी अस्वस्थता शंभरपैकी किती, ते आधी आणि तासाभरानं वहीत लिहायचं. बरेच जण थेट मोठ्या महोत्सवातल्या स्टॉलपासून सुरुवात करतात, पोळतात आणि वर्षभर गप्प होतात.

दुसऱ्या आठवड्यात जिची भीती होती तीच मावशी बोलली, “हल्ली बरीच जाहिरात करतेस गो.” वहीत 80 लिहिलेलं, तासानं 35. आणि मावशीला दिलेलं उत्तर: “हो, चवथीच्या ऑर्डरी घेतेय. तुझ्या दारासाठी एक करू?”