कढईचे दोन कान

(पत्र थोडक्यात)

ताई, नमस्कार. मी गुहागर तालुक्यातला, वय ४१. बारा वर्षं चाकणला कारखान्यात होतो. तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून घरी आलो. घरची १२० हापूसची कलमं आहेत. यंदा दलालाकडून उचल घेऊन आणखी २०० कलमं कराराने घेतली. जानेवारीत मोहोर असा होता की गावातले लोक बघायला यायचे. मग मळभ, थ्रिप्सची कीड आणि मार्चमध्ये ऐन कणीवर, म्हणजे फळ नुकतं धरत असताना, पाऊस. दलालाची शेवटची हिशेबपट्टी आली तेव्हा हमाली, तोलाई, दलाली, उचल सगळं वजा होऊन उलट माझ्याकडेच देणं निघालं. राखणदार परवडेना म्हणून एप्रिल-मे मीच बागेत झोपलो. घरामागच्या डोंगराआडची तीसेक कलमं तेवढी बरी धरली. भाच्याने मोबाइलवर स्टोइक म्हणजे जुन्या ग्रीक-रोमन तत्त्वज्ञांच्या शिकवणीचे व्हिडिओ पाठवले. जे हातात नाही त्याचं दुःख करायचं नाही, अडथळा हीच वाट, असं त्यात सांगतात. मी मनापासून तसंच वागतोय. रडलो नाही, चिडलो नाही, कुणापाशी काही बोललो नाही. पण रात्री तीनला जाग येते ती येतेच. बायको म्हणते, तुम्ही दगड झालायत. गणपतीला मोठा भाऊ डोंबिवलीहून येईल. नोकरी सोडू नको असं तोच म्हणाला होता. त्याच्यासमोर कसा बसू? आणि या नुकसानीतून फायदा काढायचा म्हणजे नेमकं करायचं काय?
(नाव छापू नये)

नमस्कार.

तुमचं मूळ पत्र चार पानांचं आहे. त्यात पट्टीच्या आकड्यांना दीड पान आणि बायकोच्या बोलण्याला एक ओळ. मी त्या एका ओळीपासून सुरुवात करते.

स्टोइक म्हणजे न रडणारा माणूस, हे तुमच्या भाच्याला कुणी सांगितलं कोण जाणे. पोरगा प्रेमाने पाठवतोय, त्याला बोलू नका. पण त्याला ही गोष्ट जरूर सांगा. दुसऱ्या शतकात औलस गेलियस नावाचा एक रोमन लेखक ग्रीसकडून इटलीला जहाजाने निघाला होता. रात्रभर वादळ, जहाजात पाणी, लोकांची रडारड. त्याच जहाजात एक नावाजलेले स्टोइक पंडित होते. गेलियसचं सगळं लक्ष त्यांच्या तोंडाकडे, की बघू तरी हे काय करतात. पंडित ओरडले नाहीत, पण चेहरा पांढराफटक पडलेला. वादळ ओसरल्यावर एका श्रीमंत प्रवाशाने त्यांना टोमणाही मारला. गेलियसने मात्र नंतर बाजूला जाऊन नीट विचारलं. तेव्हा त्यांनी आपल्या गाठोड्यातून एपिक्टेटस या स्टोइक गुरूचं पुस्तक काढून दाखवलं. त्यातला मुद्दा असा: अचानक काही कोसळलं की शहाण्यातल्या शहाण्याचाही रंग उडतो. ती पहिली धडकी कुणाच्याच हातात नसते. धडकी भरल्यावर मन जे ओरडतं, ‘संपलं सगळं’, त्याला मान डोलवायची की नाही, एवढंच आपल्याकडे असतं.

तुम्ही धडकीच गिळून टाकलीत. मार्चमधल्या त्या पावसाच्या रात्री तुम्ही पत्र्यावरचा आवाज ऐकत पडला असाल आणि बाजूला बायकोही जागीच असेल. त्या रात्रीबद्दल तुम्ही दोघं अजून एक शब्द बोललेला नाहीत, असं मला पत्रावरून दिसतं. तीनला जाग येते ती त्या न बोललेल्याची. आज तिला एवढंच सांगा, की मला भीती वाटते. असं म्हटल्याने एकाही स्टोइकाच्या नावाला बट्टा लागत नाही. जाग येणं महिनाभर चालूच राहिलं, किंवा जगण्याचाच कंटाळा यायला लागला, तर डॉक्टरांकडे जायला लाजू नका. मनाच्या आजारांसाठीच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबरही त्यासाठीच आहे.

आता फायद्याचं.

या पंथाचा मूळपुरुष झेनो हा सायप्रसचा व्यापारी. जांभळ्या रंगाचा महागडा माल घेऊन निघालेलं त्याचं जहाज अथेन्सच्या बंदराजवळ फुटलं. हा शहरात आला आणि एका पुस्तकाच्या दुकानात जाऊन बसला. तिथे सॉक्रेटिसाबद्दलचं वाचन कानावर पडलं. अशी माणसं भेटतात कुठे, असं त्याने दुकानदाराला विचारलं. नेमका क्रेटीस नावाचा तत्त्वज्ञ रस्त्याने चालला होता. दुकानदार म्हणाला, त्याच्या मागे जा. पुढे इ.स.पू. ३०० च्या सुमारास झेनो स्वतः शिकवायला लागला, तो चित्रं काढलेल्या एका ओसरीत. स्टोआ म्हणजे खांबांची ओसरी. म्हणजे आपल्या हिशेबाने ही सगळी मंडळी पडवीवाली. जहाज फुटलं तोच माझा प्रवास सुफळ झाला, असं तो म्हणायचा म्हणतात.

हे ऐकून तुम्हाला तुकोबा आठवले असतील. ‘बरे झाले देवा निघाले दिवाळे, बरी या दुष्काळे पीडा केली.’ दुष्काळात दुकान बुडालं, घरातली माणसं गेली, आणि त्या माणसाने हे म्हटलं. पण बघा, दोघांनीही हे म्हटलं ते स्वतःबद्दल, आणि सगळं होऊन गेल्यावर. दुष्काळ चालू असताना देहूत कुणी तुकोबांच्या दारात येऊन ‘बरं झालं हो तुमचं दिवाळं निघालं’ म्हणाला असता, तर त्याला काय म्हणायचं? ‘बरं झालं’ हे ज्याचं गेलं त्याने म्हणायचं असतं, आणि त्याला वाटेल तेव्हा. दुसऱ्याने त्याच्यासाठी म्हणायचं नसतं. तुमचा भाचा ते तुमच्या वतीने म्हणून मोकळा झाला, आणि तुम्हीही घाईघाईने मे महिन्यातच म्हणायला निघालात.

माझ्या माहेरचं सांगते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या आगरातली निम्म्याहून जास्त सुपारी आडवी झाली. आजोबांनी लावलेली पोफळी. नवीन लावली तर हाताशी यायला सहा-सात वर्षं, आणि आईचं वय तेव्हा ७२. तीन दिवस फोन नव्हते. लागला तेव्हा पहिला फोन पुण्याच्या एका नातेवाइकांचा. म्हणाले, ‘जे होतं ते चांगल्यासाठीच, वहिनी.’ आईने ‘हो’ म्हटलं, फोन ठेवला, खराटा घेतला आणि स्वच्छ असलेली पडवी पुन्हा झाडायला लागली. त्या झाडण्याचा आवाज मला अजून आठवतो. पुढच्या आठवड्यात ती आगरात गेली. जिथे वर्षानुवर्षं उन्हाचा कवडसासुद्धा पडत नव्हता, तिथे भक्क ऊन. तिने त्या उन्हात केळी लावली, कडेला सुरण आणि हळद. केळीला वर्षाच्या आत घड धरले. आज नवी पोफळ केळीच्या सावलीत वर आली आहे. पण आई अजून एकदाही ‘बरं झालं’ म्हणालेली नाही. आम्हीही तिला विचारत नाही.

भाच्याच्या व्हिडिओतलं ते अडथळ्याचं वाक्य मार्कस ऑरेलियसचं. रोमचा सम्राट, इ.स. १२१ ते १८०. साम्राज्यात साथ पसरलेली, सरहद्दीवर लढाया, आणि आपली बरीचशी मुलं त्याने डोळ्यांदेखत गमावली. आपल्या वहीत तो स्वतःलाच बजावतो की काम अडवणारी गोष्टच कामाला पुढे नेते, वाटेत आडवं येतं तेच वाट होतं. यात पैसे परत मिळण्याबद्दल अवाक्षर नाही. एक काम अडलं तर त्या अडण्यातूनच दुसरं काहीतरी नीट करायची पाळी येते, मग ते धीर धरणं असेल, खरं बोलणं असेल किंवा मदत मागणं. पावसाने तुमचा आंबा नेला. दलालाला आणि भावाला खरा आकडा सांगण्यापासून त्याने तुम्हाला अडवलेलं नाही. आणि गंमत म्हणजे ती वही सम्राटाने कुणाला दाखवायला लिहिली नव्हती. त्याच त्या गोष्टी तो पुन्हा पुन्हा लिहितो. आदल्या दिवशी ठरवलेलं दुसऱ्या दिवशी त्याचंही विसकटत असणार. तुम्हाला दोन महिन्यांत जमलं नाही म्हणून खट्टू होऊ नका.

आता जरा कडू बोलते. एपिक्टेटस जन्माने गुलाम, पायाने अधू, पुढे रोममधून हद्दपार झालेला. त्याच्या शिकवणीची जी छोटी पुस्तिका आहे ती सुरूच होते ती इथून, की काही गोष्टी आपल्या हातातल्या असतात, काही नसतात. बहुतेक लोक यातला दुसराच भाग घरी नेतात, कारण तो आरामाचा आहे. मळभ तुमच्या हातात नव्हतं. पाऊस नव्हता, वाशीच्या बाजारातला भाव नव्हता. पण बागायतीच्या तिसऱ्याच वर्षी, उचलीच्या पैशावर, घरच्यापेक्षा जास्त कलमं कराराने घेणं हे तुमच्याच हातात होतं. पत्रात तुम्ही ते ‘यंदा वेळच वाईट होती’ मध्ये टाकलंय. तिथून काढा. ते तुमच्या खात्यावर लिहिलंत तर थोडं झोंबेल, पण पुढच्या वर्षी बदलता येईल असं एवढंच आहे. वेळेच्या खात्यावर लिहिलंत तर दिवाळीनंतर पुन्हा दलालाचा फोन येईल आणि तुम्ही पुन्हा ‘हो’ म्हणाल.

भावाकडे वळते. आमच्याकडे मे महिन्यात आंब्याचा रस आटवायला कल्हईची मोठी पितळी कढई चुलीवर चढायची. तासन् तास ढवळायचं, हातावर चटकन शिंतोडे उडायचे. उतरवायची वेळ आली की नवखं माणूस जवळचा कान धरायला जातं आणि ‘आई गं’ करून सोडतं. चुलीच्या तोंडाकडचा कान जाळाने तापलेला असतो, मागचा फडक्याने धरवतो. आई त्या मागच्या कानाला धरून कढई सरकवत खाली घ्यायची. एपिक्टेटसने हेच लिहून ठेवलंय, आणि तेही नेमकं भावाबद्दल. तो म्हणतो, प्रत्येक गोष्टीला दोन कान असतात, एकाने ती उचलते, दुसऱ्याने नाही. भावाने तुमच्यावर अन्याय केला असेल तर अन्यायाचा कान धरू नका, त्याने उचलणार नाही. तो भाऊ आहे, आपण एका घरात वाढलो, तो कान धरा.

तुमच्या भावाने तर अन्यायही केलेला नाही. फक्त त्याचं म्हणणं खरं ठरलं, आणि ते जास्त टोचतं, मला माहीत आहे! ‘म्हटलं होतं ना’ हा तापलेला कान. तो गणपतीत, सगळ्या चाकरमान्यांसमोर, आरतीनंतर प्रसाद वाटताना हातात यायची वाट बघू नका. जुलैतच त्याला फोन करा. देणं किती, कुणाचं, कधीपर्यंत, ते सगळं तुम्हीच सांगा. आणि ‘तू म्हणाला होतास’ हे वाक्यही तुम्हीच म्हणून टाका. मग त्याच्याकडे म्हणायला फारसं उरत नाही. पैसे मात्र त्या फोनवर मागू नका. मागायचे असलेच तर वेगळ्या दिवशी.

आणि शेवटी ती डोंगराआडची तीस कलमं. राखणदार परवडला नाही म्हणून तुम्ही दोन महिने बागेत झोपलात, हे तुम्ही लाजत लिहिलंय. चाकणहून येऊन तीन वर्षं झाली. त्याआधीच्या दोन हंगामांत तुम्ही कुठलं कलम वाऱ्याला उघडं आहे, कुठल्याचा मोहोर उशिरा येतो, कुठे गळ जास्त, हे बघितलं होतं का? मला वाटतं नाही, कारण तेव्हा राखणदार बघत होता आणि हंगाम संपला की तो गावी जात होता, माहितीसकट. यंदा ती तुमच्या डोक्यात आहे. पावसाळ्यात विसराल. म्हणून या आठवड्यात बायकोला बरोबर घेऊन बागेत जा, १२० झाडांना रंगाने नंबर टाका आणि एका वहीत झाडागणिक दोन ओळी लिहा. तुम्ही सांगा, तिला लिहू दे. ती तीस कलमं का वाचली, वाऱ्याचा आडोसा, मोहोराची वेळ की आणखी काही, हे दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या माणसांना ती वही समोर ठेवून विचारा. नुसतं ‘यंदा आंबा गेला’ म्हणून गेलात तर तेही हळहळतील आणि चहा पाजून परत पाठवतील.

एक राहिलं. फळपीक विमा उतरवला होतात की नाही, हे चार पानांत कुठेच नाही. तो हवामानावर आधारलेला असतो. भरपाई तुमच्या महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदींवरून ठरते, बागेत सहसा कुणी बघायला येत नाही. तेव्हा कुणी आलं नाही म्हणून मिळणार नाही असं धरून बसला असाल तर आधी कागद काढा, आणि काय निघालं ते मला कळवा.