गुरूच्या चंद्रांवरचे समुद्र आणि अकरावीतलं गणित

प्रश्न: मुलगी अकरावी सायन्सला आहे. गुरूच्या युरोपासारख्या चंद्रांवर बर्फाखाली जे समुद्र आहेत, त्यांवर काम करायचं म्हणते. बारावीनंतर आयुकात, म्हणजे पुण्याच्या खगोलशास्त्र संस्थेत, प्रवेश मिळेल का? क्लासचे सर म्हणतात, विषय जीवसृष्टीचा आहे, तर गणित सोडून बायोलॉजी घे. पुढे नोकरीचं काय?
– एक आई, कोथरूड

ताई, गणित सोडू देऊ नका. बाकीचं नंतर निस्तरता येतं, हे नाही.

युरोपाचा समुद्र कुणी पाहिलेला नाही, तो आकडेमोडीतून हाती लागला आहे. गुरूचा चुंबकीय अक्ष त्याच्या फिरण्याच्या अक्षापासून सुमारे १० अंश कललेला आहे. त्यामुळे युरोपाभोवतीचं चुंबकीय क्षेत्र दर ११.२ तासांनी हेलकावतं. बदलत्या क्षेत्रात वाहक पदार्थ असला की त्यात प्रवाह निर्माण होतो. बारावीचा विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा धडा तो हाच. या प्रवाहांचं क्षेत्र नासाच्या गॅलिलिओ यानाच्या मॅग्नेटोमीटरने (चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या उपकरणाने) टिपलं, आणि ३ जानेवारी २०००च्या भेटीत त्याची दिशा पलटलेली आढळली. आत कायमचा चुंबक असता तर ती पलटली नसती. बर्फातून एवढा प्रवाह वाहत नाही, खाऱ्या पाण्यातून वाहतो.

मुलीला एका रविवारी हे गणित घालून बघा. बदलतं क्षेत्र पाण्यात किती खोल शिरतं? २ला μ₀ (चुंबकत्वाच्या सूत्रांतला ठरावीक स्थिरांक), पाण्याची वाहकता आणि कोनीय वारंवारता (२π भागिले आवर्तकाल) यांच्या गुणाकाराने भागायचं आणि वर्गमूळ घ्यायचं. वाहकता ३ सीमेन्स प्रति मीटर आणि आवर्तकाल ११.२ तास धरला तर उत्तर साधारण ५८ किलोमीटर येतं. तासांचे सेकंद करायचे राहिले तर जेमतेम १ किलोमीटर येईल, २π विसरली तर १४६. मग आवर्तकाल ८५.२ तास घ्यायचा, म्हणजे युरोपाची गुरूभोवतीची एक फेरी: १६० किलोमीटरच्या आसपास. एकाच आवर्तकालावरून समुद्र उथळ पण जास्त खारट आहे की खोल पण कमी खारट, ते सुटत नाही. दोन्ही मोजले की सुटतं. ऑक्टोबर २०२४मध्ये निघालेलं नासाचं युरोपा क्लिपर यान एप्रिल २०३०मध्ये गुरूपाशी पोहोचेल, तेव्हा त्याचा मॅग्नेटोमीटर हेच करणार आहे. चुका स्वतः शोधून हे गणित तिला पुन्हा करावंसं वाटलं, तर आवड खरी आहे असं खुशाल समजा.

आता प्रवेशाचं. आयुकात बारावीनंतर पदवी नाही. तिथली पीएचडी एमएस्सीनंतरची, आणि कामाचा भर दीर्घिका, विश्वरचना यांवर. तुमच्यासाठी जवळची वाट म्हणजे पाषाणची आयसर, ही केंद्र सरकारची विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था: ५ वर्षांचा बीएस-एमएस, भौतिकशास्त्राबरोबर पृथ्वीविज्ञानाचाही विभाग. तो नाही जमला तर फिजिक्समध्ये बीएस्सी करून जॅम या एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेतून एमएस्सी, शक्यतो भूभौतिकीत, म्हणजे पृथ्वीच्या पोटाचा भौतिकशास्त्राने अभ्यास करणाऱ्या विषयात. ही दुय्यम वाट मुळीच नाही. ग्रहविज्ञानातल्या पीएचडीसाठी अहमदाबादची पीआरएल ही भौतिकी संशोधन प्रयोगशाळा आहे.

नोकरीबद्दल स्पष्ट सांगते. बारावीनंतर पीएचडी हाती यायला १० वर्षं सहज जातात, आणि ग्रहविज्ञानाच्या कायम जागा थोड्याच. म्हणून चंद्र निवडण्यापेक्षा हत्यार निवडावं. युरोपासाठी वापरतात तीच प्रवर्तनाची पद्धत इथे जमिनीखालचं पाणी आणि खनिजं शोधायला वापरतात. भूभौतिकी शिकलेल्यांना तेल शोधणारी ओएनजीसी, हैदराबादची भूभौतिकी संशोधन संस्था एनजीआरआय, पनवेलची भूचुंबकत्व संस्था अशी दारं असतात. (कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४ साली अलिबागला हलवली गेली. ट्रामच्या प्रवाहाने मोजणी बिघडली असती. मोजमाप इतकं नाजूक असतं.)

सरांचं म्हणणं अगदीच सोडून देऊ नका. आयसरच्या प्रवेश परीक्षेत ६० प्रश्न असतात, त्यांतले १५ जीवशास्त्राचे. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ वजा. बायोलॉजी नसलेली मुलं हा भाग सरसकट सोडतात आणि ६० गुण हातचे घालवतात. अकरावी-बारावीची बायोलॉजीची पुस्तकं आणून पेशी, आनुवंशिकता आणि परिसंस्था एवढे धडे तरी या सुट्टीत वाचून होऊ द्या.